मेन कॅम्पस नाही, ‘तिकडचा’ कॅम्पस लागलाय... बहिणीला घालू का? (बीएस्सी नर्सिंग, बेळगाव)

नंदगडचा_दादा
नमस्कार मंडळी, इथं वाचत असतो पण लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. धाकटी बहीण यंदा पीयूसी (इकडची बारावी) सायन्स झाली आणि बीएस्सी नर्सिंगला सीट लागली. विद्यापीठ नावाजलेलं आहे त्यात वाद नाही, पण सीट लागलीय ती बेळगावातल्या मोठ्या कॅम्पसला नाही, गावाबाहेर हायवेच्या अंगाला त्यांनी हेल्थ सायन्सचा दुसरा कॅम्पस काढलाय तिथं. नर्सिंग, फिजिओ, लॅब टेक्निशियन सगळं तिकडं हलवलंय म्हणे. आई म्हणते घाल, लागलेली सीट सोडायची नसते. बाबा म्हणतात पोरीला माळावर नेऊन टाकायची काय. मी मध्ये.

मागच्या आठवड्यात गाडी काढून बघून आलो. बिल्डिंग झकास, काचा, लिफ्ट, पुढं नारळाची रोपं काठ्यांचे टेकू देऊन उभी केलेली. पण दुपारी तीन वाजता चहा प्यावा म्हटलं तर एक टपरी नाही, शेवटी वॉचमननं त्याच्या थर्मासातला अर्धा कप मला दिला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. चहाच मिळत नाही तर बाकीचं काय मिळत असेल? हॉस्टेल, मेस, बस, लायब्ररी, स्कॉलरशिपचं काम, आजारी पडली तर कोण बघणार, हे कुणी तिथं किंवा असल्या कॅम्पसला शिकलेलं असेल तर खरं खरं सांगा. बहीण दहावीपर्यंत मराठी मीडियमची. आमचं घर नंदगडच्या पुढं आत आहे, खानापूरहून बेळगाव २५-२६ किलोमीटर पण खानापूरला पोचणंच मोठं काम, तेव्हा रोज जाऊन-येऊन करणं पावसाळ्यात तरी शक्य नाही.

संपादक_मंडळ
कॉलेजचं नाव, माणसांची नावं, फोन नंबर कुणी टाकू नका. अनुभव बिनधास्त लिहा.

थर्ड_इयर_थकलेली
दादा मी अशाच एका कॅम्पसला तिसऱ्या वर्षाला आहे, तोच की दुसरा ते विचारू नका. एका वाक्यात सांगायचं तर शिकणं इकडं आणि खिडकी तिकडं. खिडकी म्हणजे ऑफिसची खिडकी हो. वर्ग, लॅब, डेमो रूम, मॅनिकिन (सरावाचे पुतळे) सगळं नवीन कोरं आहे, मेन कॅम्पसच्या पोरी आमच्याकडं बघून जळतात, पण शिक्का पाहिजे असला की मेनला जा. ऐका, पहिल्या वर्षाला मला स्कॉलरशिपसाठी बोनाफाईड पाहिजे होतं. इकडचे क्लार्क म्हणाले फी ची पावती आण. पावती निघते मेनला. कॉलेजची बस मेनला जाते फक्त बुधवारी दुपारी, पोचते तेव्हा तिकडच्या खिडकीत जेवणाची पाटी, पाटी निघेपर्यंत परतीची ४:१० ची बस जायची वेळ, ती चुकली तर सीबीटीला (बेळगावच्या मेन बसस्टँडला) येऊन साधी बस धरायची आणि हायवेला उतरून दीड किलोमीटर चालायचं. असे तीन बुधवार गेले. तिसऱ्या बुधवारी पावती मिळाली तर त्यात माझ्या आडनावाला दोन ए च्या जागी एकच ए.

पण हे पहिल्या वर्षाचं झालं हां. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी मिळून एक युक्ती काढली, सगळ्या वर्गाची कामं एका फाईलीत आणि दर बुधवारी एकीनंच जायचं, बाकीच्या लेक्चर करणार. क्लार्कबाई पण खूश, तीस जणी येऊन डोकं खाण्यापेक्षा एक बरी. तुमच्या बहिणीला पहिल्याच आठवड्यात असा ग्रुप करायला सांगा.

घाला की. शिक्षण चांगलं आहे. आमच्या मॅडम कॅथेटर (लघवीची नळी) टाकायची पद्धत मॅनिकिनवर दहा वेळा करून घेतल्याशिवाय वॉर्डला पाठवत नाहीत, मेनला गर्दीत मागं उभं राहून बघावं लागतं.

शिनोळी_स्टॉप
बसचं मी सांगते. मी चंदगड तालुक्यातली, फिजिओला आहे. दादा तुमची बहीण खानापूरची म्हणजे कर्नाटकचं आधार, तिला शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला तिकीटच नाही. माझं आधार महाराष्ट्राचं. म्हणजे एकाच बसमध्ये एकाच सीटवर बसून खानापूरची मैत्रीण शून्य रुपयाचं तिकीट खिडकीतून उडवते आणि मी पूर्ण पैसे मोजते. घरी जाताना एसटीत मला अर्धं तिकीट, २०२३ च्या मार्चपासून, पण ते आपल्या हद्दीपुरतं. हद्द ओलांडली की मी परत पूर्ण माणूस 😄

आणि एक, सीमेवर काही पेटलं की पहिल्यांदा बसा बंद पडतात. तिकडच्या इकडं येत नाहीत, इकडच्या तिकडं जात नाहीत, शिनोळीच्या अलीकडं उतरून चालत पलीकडं जायचं आणि दुसरी धरायची. म्हणून माझ्या बॅगेत दोन दिवसांचे कपडे आणि एक युनिफॉर्म कायम असतो. तुमच्या बहिणीला हा प्रश्न नाही पण तिची रूममेट गडहिंग्लजची निघाली तर तिला समजून घ्यायला सांगा, सोमवारी उशिरा आली म्हणजे झोपून राहिली असं नसतं.

निपाणीचा_बाप
माझी मुलगी गेल्या वर्षी पास झाली. नंदगडकर, स्कॉलरशिपचं आत्ताच कागद जमवायला लागा, ॲडमिशन झाल्यावर नको. एसएसपी म्हणजे कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज असतो, त्याला जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो, तो दाखला नाडकचेरीतून (महसूलच्या स्थानिक ऑफिसातून) काढायचा. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्क्सकार्डवरचं नाव तिन्ही एक अक्षर इकडं तिकडं न होता जुळलं पाहिजे. आपल्या मराठी लोकांचं इथंच घोडं अडतं, कारण शाळेत नाव मराठीत लिहिलेलं, दाखल्यावर कन्नडात, तिथनं कुणीतरी इंग्रजीत केलेलं. आमच्या मुलीचं नाव तीन कागदांवर तीन. आधार दुरुस्त करायला महिना गेला.

दुसरं, बँकेत खातं असून भागत नाही, आधार त्या खात्याला सीडिंग झालेलं, म्हणजे जोडलेलं पाहिजे, नाहीतर अर्ज मंजूर होतो आणि पैसे लोंबकळत राहतात. आपण मराठा असाल तर इकडं ३बी या मागासवर्गाच्या गटात येतो, महाराष्ट्रातल्या पाव्हण्यांनी सांगितलेलं इथं लावू नका. शेती असेल तर रयत विद्यानिधी बघा, २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नर्सिंग-पॅरामेडिकलच्या मुलींना वर्षाला ८००० रुपये ठरवले होते, त्याला फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणीचा नंबर) लागतो, सातबारावाले जे असतात त्यांनी रयत संपर्क केंद्रात जाऊन काढायचा. हॉस्टेल मिळालं नाही आणि बाहेर खोली घेतली तर विद्यासिरी म्हणून एक आहे, मागासवर्गीय मुलांना, आमच्या वेळी महिन्याला १५०० प्रमाणे १० महिने होती.

थर्ड_इयर_थकलेली
काका सातबारा नाही हो, इकडं उतारा म्हणजे पहाणी/आरटीसी 😀

निपाणीचा_बाप
हो बाई, आरटीसी. आमचे सासरे कागलचे, तोंडात सातबाराच बसलाय.

भाकरी_कुठाय
मेसबद्दल कुणी बोललंच नाही. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला असल्याच कॅम्पसला. पहिले सहा महिने भात सांबार, भात रसम, भात आणि अजून एक पातळ. मेसवाला अण्णा दक्षिणेकडचा, आमच्यातली निम्मी पोरं केरळची, त्यांना चालायचं. आम्ही खानापूर-चिकोडीकडची पोरं गुरुवारी मोर्चा घेऊन गेलो, भाकरी पाहिजे. अण्णा म्हणाला भाकरी बडवायला बाई कुठनं आणू, जवळ गाव नाही. खरंच होतं ते. शेवटी तीन किलोमीटरवरच्या गावातल्या एक मावशी स्कूटीवरून शंभर भाकऱ्या करून आणायला लागल्या, आठवड्यातनं दोनदा, कापडात गुंडाळलेल्या, आल्या की वाफ आणि जोंधळ्याचा वास सगळ्या कॉरिडॉरला. केरळची पोरं पहिल्यांदा बघत बसली, नंतर तीच आमच्या आधी लाईनीत. अजून चालू आहे म्हणतात. सांगायचं काय तर, गावाबाहेरच्या कॅम्पसला बाहेर जाऊन खाणं हा पर्याय नसतो, त्यामुळं मेसच्या कमिटीत आपलं माणूस पाहिजेच.

वॉर्ड_नंबर_चार
मी स्टाफ नर्स, बारा वर्षं झाली. भाकरी, बस सगळं ठीक आहे, पण दादांनी विचारलेला खरा प्रश्न कुणी धरला नाही: आजारी पडली तर कोण बघणार. मी त्यात एक अजून घालते, टोचलं तर कोण बघणार.

दुसऱ्या वर्षाला असताना, इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला परत टोपण घालायला गेले. घालायचं नसतं हे शंभरदा सांगितलेलं, तरी हात गेला. सुई टोपणाच्या कडेवरून घसरून डाव्या अंगठ्यात. ग्लव्हजच्या आत रक्ताचा थेंब चपटा होऊन पसरत गेला तेवढं अजून दिसतं डोळ्यापुढं. घाबरून मी अंगठा पिळून पिळून रक्त काढलं आणि वर स्पिरिट ओतलं. दोन्ही चूक. पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही, स्पिरिट-डेटॉल काही नको, ग्लव्हज काढून साबण आणि वाहतं पाणी, बस्स. मग लगेच सिस्टरना सांगायचं. मी सांगितलं नाही! ओरडतील म्हणून. संध्याकाळी कॅम्पसवर आल्यावर रूममेटला सांगितलं, तिनं मला ओढत सिक रूमला नेलं, तर सिक रूमला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडं त्या लग्नाला गेलेल्या. रात्री साडेआठला रिक्षा मागवली ती यायलाच पाऊण तास, तिथनं सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, किती वाजता टोचलं? अकरा. आत्ता किती वाजले? दहा. ते काहीच बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडं बघितलं.

एचआयव्हीसाठीच्या गोळ्या, पीईपी म्हणतात, शक्य तर दोन तासात सुरू करायच्या, ७२ तास उलटून गेले की उपयोग नाही, आणि सुरू केल्या की २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. मी घेतल्या, मळमळ एवढी की मेसच्या सांबाराचा वास नको व्हायचा. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, माझ्याही पुढच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. सुटले.

तर दादा, कॅम्पस बघायला जाल तेव्हा लिफ्ट बघू नका. हे तीन विचारा. टोचलं तर रात्री कुणाला फोन करायचा, नाव आणि नंबर कुठं लावलेत का. गाडी कॅम्पसवर रात्रभर उभी असते का, ड्रायव्हरसकट. पीईपीच्या गोळ्या सर्वात जवळ कुठं मिळतात. उत्तर देताना समोरचा माणूस जर दुसऱ्याला हाक मारायला लागला तर समजून जा.

आणि हेपॅटायटिस बी ची लस क्लिनिकल पोस्टिंगच्या आधी. तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू झाली का ते रक्त तपासून बघायचं, १० किंवा त्याच्या वर आलं तर ठीक. बऱ्याच कॉलेजात लस देतात पण टायटर कुणी करत नाही. हिशेब करा, सहा महिने लागतात, म्हणजे आज सुरू केलं तर पुढच्या वर्षी पोरगी वॉर्डात निर्धास्त.

थर्ड_इयर_थकलेली
अक्का वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं आता वॉर्डात सुईसाठी पांढरा न टोचणारा डबा असतोच आणि टोपण घालताना दिसलं की पोस्टिंगवरनं घरी पाठवतात. पण रात्रीचा नंबर? उद्या विचारते. खरं सांगायचं तर मला पण माहीत नाही.

कन्नड_शिकतोय
भाषेचं काय, कुणी लिहिणार की नाही? मी मराठी मीडियमचा, आता इंटर्नशिपला. शाळेत कन्नड विषय होता, पास होण्यापुरता. कॉलेजात कन्नड शिकवायला सर आले, त्यांनी शिकवलं ‘नोवु एल्लिदे’, दुखतंय कुठं. गोकाकच्या बाजूची आजी वॉर्डात आली, मी मोठ्या ऐटीत विचारलं, आजी म्हणाली होट्टी ब्यानि, म्हणजे पोटदुखी. नोवु गेलं कुठं! पुस्तकातलं कन्नड वेगळं आणि आपल्या भागातलं वेगळं, आपण पुणेरी मराठी शिकून चंदगडात गेल्यासारखं.

पण आपल्या मराठी पोरांची एक ताकद आहे ती दादांनी लक्षात घ्यावी. खानापूर, जांबोटी, हिंडलगा, कडोलीकडचे पेशंट मराठी बोलतात. माझी बॅचमेट केरळची, हुशार, सगळ्यात पहिली येणारी. एक बाई ओपीडीत आली, म्हणाली आंगावरून जातंय गं. हिला आंग म्हणजे अंग आणि जातंय म्हणजे चालतंय एवढं मराठी येत होतं. तिनं केस शीटवर लिहिलं की अंगावरून काहीतरी चालल्यासारखं वाटतं, आणि त्वचारोगाकडं पाठवायची शिफारस. मी मागनं बघितलं आणि कागद हातातनं घेतला. बाई पांढरं जाण्याबद्दल सांगत होती, लाजून नीट बोलत नव्हती. असं ‘गरगरतंय’, ‘कसकसतंय’, ‘पोटात कळ मारतीय’, ‘चिळस आलीय’ हे सगळं आपल्याला फुकट येतं. त्या दिवसापासून आम्ही एक वही केली, एका बाजूला मराठी, मध्ये आपल्याकडचं कन्नड, तिकडं मल्याळम. पुढच्या बॅचला ती झेरॉक्स होऊन गेलीय.

जुनी_सीमा
मराठी भागात कॉलेज काढायचं, मराठी पेशंट, मराठी पोरं, आणि बोर्ड एक मराठीत नाही. त्यावर कोण बोलणार? महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना २०२३ मध्ये फुले जन आरोग्य योजना लागू केली तेव्हा इकडं किती गहजब झाला विसरलात का. तुम्ही लोक बस आणि भाकरी करत बसा.

कन्नड_शिकतोय
काका राग समजतो, माझे आजोबा सत्याग्रहात होते. पण उद्या सकाळी आठला माझ्या वॉर्डात अथणीची बाई येणार, तिला कुठं दुखतंय हे मला कळलं पाहिजे. बोर्डाचा प्रश्न वेगळा धागा काढून बोलूया, मी तिथं तुमच्या बाजूनं लिहीन.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे. इथं ॲडमिशनबद्दल.

शिनोळी_स्टॉप
१ नोव्हेंबर आणि डिसेंबरचं अधिवेशन एवढं फक्त लिहिते, राजकारण नाही. १ नोव्हेंबरला शहरात राज्योत्सवाची (कर्नाटकाच्या स्थापनेची) मिरवणूक आणि मराठी लोकांचा काळा दिन दोन्ही, त्या दिवशी मेन कॅम्पसला काम काढू नका. डिसेंबरात सुवर्णसौधला (कर्नाटकाच्या बेळगावातल्या विधानभवनात) अधिवेशन भरलं की हायवेवर बंदोबस्त, हलग्याकडनं येणाऱ्या बसा तासतास अडकतात, आमची एकदा प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि एक्स्टर्नल मॅडमच अडकल्या 😅 त्या आल्या तेव्हा आमच्यापेक्षा त्याच घाबरलेल्या.

पुस्तकातला_बुकमार्क
लायब्ररी: गावाबाहेरच्या कॅम्पसला पुस्तकं थोडी असतात, त्यात जी आहेत ती पण मेनच्या शिक्क्याची. यावर रडत बसू नका. जर कॉलेज राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या अखत्यारीत असेल तर त्यांचं हेलिनेट म्हणून ऑनलाइन जर्नल-पुस्तकांचं नेटवर्क आहे, लॉगिन लायब्ररियनकडनं मागून घ्यायचं, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. अभिमत विद्यापीठ असेल तर त्यांचं स्वतःचं असतं, तेही मागायचं. आणि वाय-फाय हॉस्टेलला येतं का ते बघा, आमच्याकडं फक्त रिसेप्शनला येत होतं, रात्री अकराला सोफ्यावर पंधरा पोरं मोबाईल घेऊन, वॉचमनला वाटायचं काय तर सभा भरलीय.

आणि दादा मान्यतेचं कागदावर बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर राज्यवार कॉलेजांची यादी असते, त्यात तुमच्या कॉलेजचं नाव आणि पत्ता कुठला लिहिलाय ते वाचा. डिग्री झाल्यावर कर्नाटक नर्सिंग कौन्सिलला नोंदणी करायची, आणि पुढं कोल्हापूर-पुण्याला नोकरी करायची असली तर इकडचं एनओसी घेऊन महाराष्ट्र कौन्सिलला परत नोंदणी. माझ्या मावसबहिणीला हे कुणी सांगितलंच नव्हतं, जॉइनिंगच्या आधी धावपळ झाली.

रविवार_संध्याकाळ
मी हॉस्टेलवर वॉर्डन होते चार वर्षं, आता सोडलं. कॅम्पस कुठला ते नाही लिहीत. अडचण कुठली मोठी म्हणाल तर मेस नव्हे, बस नव्हे, रविवार संध्याकाळ. शहरात हॉस्टेल असलं की पोरी खडेबाजार, गणपत गल्ली फिरून येतात, कुंदा (बेळगावची मिठाई) आणतात, मन लागतं. माळावरच्या हॉस्टेलला रविवारी पाच वाजता घरचे भेटून गेले की गेटपासून खोलीपर्यंतच्या त्या दोनशे पावलांत पोरी रडतात. पहिल्या वर्षाच्या तर ठरलेल्या. मी त्या वेळी मुद्दाम गेटपाशी उभी राहायचे, कुणाला काही न विचारता नुसतं पाणी घालायला रोपं दाखवायचे, ती नारळाची रोपं असतील ना दादांनी बघितलेली, तसलीच.

कौन्सिलर कागदावर होत्या, यायच्या पंधरवड्यातनं एकदा, त्या पण मेनहून. म्हणून मी नोटीस बोर्डावर टेली मानसचा १४४१६ लिहून ठेवलेला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतनं पण बोलतात. आणि रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. एकदा एका मुलीनं रात्री दोनला १४४१६ लावला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी मला येऊन म्हणाली मॅडम, मी बोलले कुणाशी तरी, आता बरं वाटतंय, नाश्ता काय आहे. मी विचारलं नाही काय झालं होतं. इडली होती.

तुमच्या बहिणीला पहिले दोन महिने दर रविवारी भेटायला जाऊ नका दादा, उलटं होतं. बुधवारी फोन करा.

नंदगडचा_दादा
मंडळी एवढं लिहाल वाटलं नव्हतं. आईला सगळं वाचून दाखवलं, टोचल्याची गोष्ट सोडून. बाबांना ती पण दाखवली.

एक शंका: कम्युनिटी पोस्टिंग म्हणजे गावोगाव फिरणं का? बाबांना त्याची काळजी.

थर्ड_इयर_थकलेली
होय पण एकटं नाही, ग्रुप असतो, सोबत मॅडम, पीएचसीच्या (सरकारी आरोग्य केंद्राच्या) आशाताई. तीच सगळ्यात मजेची पोस्टिंग. घरी जाऊन कम्युनिटी बॅग उघडायची एक पद्धत असते, आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग, मग हात धुवायचे, मग जे पाहिजे ते काढायचं, बॅग जमिनीला टेकायची नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका घरात पेपर अंथरला आणि बॅगेतनं बीपीचं यंत्र काढेपर्यंत घरातले आजोबा खाली वाकून पेपरच वाचायला लागले, बॅग उचला म्हणाले, खाली ऊसदराची बातमी आहे. बीपी घेतलं तर जास्त. ऊसदर वाचून वाढलं की आधीच होतं कोण जाणे, दहा मिनिटं बसवून परत घेतलं.

आणि हो अक्का, रात्रीचा नंबर विचारला. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या चांगला प्रश्न आहे. सोमवारी तिन्ही मजल्यांवर कागद लावलाय, त्यावर ड्रायव्हरचा पण नंबर आहे. लावून बघितला, उचलला त्यानं, म्हणाला एनाग्यैत्री (काय झालंय)? मी म्हटलं काही नाही, चेक करत होते. शिव्या घातल्या कन्नडात, पण उचलला.

वॉर्ड_नंबर_चार
🙏 शिव्या चालतील.

नंदगडचा_दादा
अपडेट. काल बहिणीला घेऊन परत गेलो, या खेपेला लिफ्ट बघितली नाही. अक्कांचे तिन्ही प्रश्न ऑफिसात विचारले. पहिल्याला त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. दुसऱ्याला गाडी दाखवली, ड्रायव्हर जेवायला गेलेला पण पंधरा मिनिटांत आला. तिसऱ्याला तिथल्या बाईंनी आत हाक मारली 😐 आतनं एक सर आले, त्यांनी दवाखान्याचं नाव, कुठल्या मजल्यावर, सगळं नीट सांगितलं, आणि त्या बाई ते आमच्याबरोबर वहीत लिहून घेत होत्या. सिक रूम उघडी होती. किल्ल्या दोन आहेत का विचारलं, एकच आहे. दुसरी करून घेतो म्हणाले.

बाबांनी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन चारी बाजू बघितल्या, एका बाजूला ऊस, एका बाजूला हायवे. काही बोलले नाहीत. खाली येऊन त्यांनी मेसमध्ये भात-सांबार खाल्ला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. आईला फोन करून एवढंच म्हणाले, घालूया.

हेपॅटायटिसचा पहिला डोस आज झाला. नावाचं तेवढं राहिलंय, आधारवर एक ए जास्तच आहे, निपाणीचे काका म्हणाले तसंच.

जाताना बेळगावातनं पाव किलो कुंदा त्या वॉचमन मामांना दिला, थर्मासातल्या अर्ध्या कपाबद्दल. त्यांनी बहिणीसाठी बसच्या वेळा एका कागदावर लिहून दिल्या, खाली फोटो टाकतो, कुणाला उपयोग झाला तर. थर्ड इयरवाल्या ताई, ४:१० ची त्यात लिहिलेली आहे, पण मामांनी पेनानं खोडून बाजूला लिहिलंय, ४:३० धरा.